शलाकाचं आजोळ

माणसाला आईबाप असतात, ही गोष्ट मला उल्हासला पटवून द्यावी लागली. तीही भर दुपारी, आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत, आणि तो पवईला इंजिनियरिंग शिकत असताना. उल्हास आमच्या वरच्या मजल्यावरचा. त्याच्या अमेरिकेतल्या मावसभावाने त्याला एक खोका पाठवला होता. खोक्यात दोन-तीन पातळ पुस्तकं आणि रंगीत फासे. फासे म्हणजे आपले सारीपाटाचे नव्हेत. कुणाला आठ तोंडं, कुणाला बारा, एकाला तर चक्क वीस. खेळाला ना पट ना सोंगट्या. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर राक्षस आला की तुम्ही काय करणार ते तुम्ही सांगायचं, जमलं की फसलं ते फासा सांगणार. गोष्ट सांगणारा अर्थातच उल्हास. त्याला सगळ्यांनी मास्टर म्हणायचं, असं पुस्तकात लिहिलंय म्हणाला. मला तो उल्ह्या म्हणूनच माहीत होता. एकदा शेंबूड पुसून दिलेल्या मुलाला मास्टर म्हणणं मला काही जमलं नाही.

खेळायला उल्हास, मी आणि उल्हासच्या कॉलेजातला जिग्नेश, एवढेच. जिग्नेश घाटकोपरचाच, टिळक रोडच्या पलीकडचा, वडिलांचं भांड्यांचं दुकान. मंडळाच्या खोलीत कॅरम होता, त्यावर पावडर पसरून उल्हास बोटाने नदी, डोंगर, गुहा काढायचा. काळ्या सोंगट्या म्हणजे वाईट लोक, पांढऱ्या म्हणजे आम्ही. राणीची लाल सोंगटी आग ओकणाऱ्या अजगरासाठी राखीव होती. बाहेर पोरं क्रिकेट खेळत असायची, कुणाच्या तरी घरी रेडिओवर नाट्यसंगीत लागलेलं असायचं आणि आत आम्ही तिघं मान खाली घालून एका गुहेच्या तोंडाशी उभे. चाळीतल्या बायका खिडकीतून डोकावून जायच्या. दोन मुलगे आणि एक मुलगी कॅरमकडे नुसती बघत बसलीत, कुणी स्ट्रायकर मारत नाही, याचं त्यांना कोडं पडायचं.

पहिल्या रविवारी उल्हास म्हणाला, "तुझं कॅरेक्टर सांग. नाव, काम आणि पास्ट."

नाव मी आधीच ठरवलं होतं. शलाका. काम तलवार चालवण्याचं. "पास्ट म्हणजे काय?"

"म्हणजे आधीचं. ते सोपं असतं गं संगे. गाव जळालं, आईबाप मेले, मग ती तलवार घेऊन निघाली. झकास. जिग्नेशचाही अनाथ आहे."

"मेरा तो पूरा खानदान गया," जिग्नेश खुशीत म्हणाला.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? मेलेले बरे असतात यार. नाहीतर प्रत्येक वेळी विचारावं लागतं, ते कुठेयत, काय करतायत. मेले की कोणी विचारत नाही."

मी म्हटलं, असं नाही चालणार. गाव जळलं तेव्हा तिची आते कुठे होती? लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असेल ना? मग ती जिवंत आहे. काका कुठे होता? तो मुंबईत कामाला असेल. आणि घरात कोणीच नसेल तर ती निघाली तेव्हा तिला डबा कोणी दिला? उल्हास म्हणाला, डबा कोण नेतं राक्षसाशी लढायला. मी म्हटलं, उपाशीपोटी कोण लढतं ते दाखव. माझ्या शलाकाला घर असेल तर मी खेळेन, नाहीतर तुमचा तुम्ही खेळा. मी फासा कॅरमवर ठेवला आणि हाताची घडी घालून बसले. मी तशी हट्टी आहे, अजूनही आहे. माझ्या सुनेला विचारा.

अखेर उल्हासने हात टेकले. म्हणाला, "पुढच्या रविवारी लिहून आण बाई तुझं खानदान. पण एकच पान."

वडिलांकडचं लिहायला मला काहीच त्रास झाला नाही, कारण आमच्या घरात वडिलांकडच्या माणसांशिवाय दुसरा विषयच नसायचा. बाबा विक्रोळीच्या कारखान्यात. भोंगा झाला की चालत यायचे, पायावर पाणी घ्यायचे आणि चहाचा पहिला घोट पोटात गेला की मालवणकडच्या गावाला जाऊन पोचायचे. मूळपुरुष कोण, तो कुठून आला, त्याने कुठल्या दगडाला देव म्हणून शेंदूर लावला, सात घरं कशी झाली आणि त्यांतल्या दोन घरांचं एका फणसावरून बोलणं कसं बंद झालं. मी लिहायला बसले तेव्हा बाबा मागे उभे राहून सांगत होते, "ता फणसाचा भांडण लिही गो. ता इसरा नको. ताच मुख्य." मी ते सगळं जसंच्या तसं शलाकाला देऊन टाकलं, फणसासकट. गुहेत शिरायच्या आधी देवाला कौल लावायची पद्धतही दिली. दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर घरी जा. पुढे या कौलापायी उल्हासच्या किती गुहा फुकट गेल्या, त्याची गणती नाही. तो बिचारा आठवडाभर नकाशा काढून आणायचा आणि शलाकाची डावी पाकळी पडायची.

पान अर्धं भरलं आणि मी थांबले. खाली आईकडचं लिहायचं होतं, आणि मला आईकडचं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणजे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं तेवढंच ठाऊक होतं: सुमतीबाईंचं माहेर समुद्रकाठचं होतं आणि ते एका वादळात गेलं. आईबाप, भाऊ, होडी, सगळंच. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. ते ऐकताना मला कधी काही वाटलं नाही. थोड्याच दिवसांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचं, विजूताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलुंडची मंडळी बैठकीला आली होती. विजूताईच्या होणाऱ्या सासूबाईंना सगळं विचारायची सवय. त्यांनी पोह्यांची बशी हातात घेऊन विचारलं होतं, "मुलीचा मामा काय करतो?" आई शांतपणे म्हणाली होती, "मामा नाही तिला. वादळात गेला." त्या बाईंनी जिभेने च्च केलं आणि पुढे विचारलं नाही. मग आमच्या शेजारच्या राणेकाकांना मानलेला मामा म्हणून उभं करायचं ठरलं. नवरी बोहल्यावर यायची ती मामाचा हात धरून, तिच्या पाठीशी उभं राहायचं मामाने. राणेकाका इतके खूश झाले की त्यांनी लगेच नवी टोपी शिवायला टाकली.

आई मोरीशी बसून बोंबील साफ करत होती. तिचं साफ करणं बघण्यासारखं असायचं. चाळीतल्या आमच्या मालवणी बायका मासळीत काही कमी नव्हत्या, पण आईच्या हातात सुरी आली की त्या बघत उभ्या राहायच्या. कालवणात ती नारळ घालायची नाही. चिंचेचं पाणी, लसूण आणि घरच्या लाल मसाल्याची ती झणझणीत पातळ आमटी बाबा सुरुवातीची वर्षं तोंड वाकडं करून जेवले असतील, नंतर मात्र त्यांना गावच्या नारळाच्या आमटीत चव लागेना. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी एकदाही विचार केला नव्हता की हे ती कुठे शिकली.

"आई, शलाकाचं आजोळ कुठलं लिहू?"

तिला खेळ माहीत होता. उल्हासच्या नादाने मी वेडी झाले आहे इतपत माहीत होता. "लिही, वादळात गेलं," ती म्हणाली.

"तसं नाही चालणार. मी भांडून घेतलंय. शलाकाचं कोणीही मेलेलं नाही. सगळे आहेत."

तिची सुरी क्षणभर थांबली. "सगळे आहेत?"

"सगळे. आजोबा, आजी, मामा. सांग ना, कसं असेल घर?"

तिने पुढचा बोंबील उचलला. मला वाटलं, आता रागावणार. मग खाली बघूनच म्हणाली, "मागे विहीर असेल. विहिरीला लागून उंडीचं झाड. पुढे बांबू बांधलेले, सुकटीसाठी. बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून टांगायचे असतात, ते लिही. नुसते टाकले की कुजतात." मी लिहीत सुटले. होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना डोळा काढलेला, पिवळा. डोळा नसेल तर होडीला वाट कशी दिसणार, असं ती अगदी सहज म्हणाली. मामा मोठा की धाकटा, मी विचारलं. धाकटा. त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नाही. दोर सुटला तेव्हा गेलं, लहान होता, बहिणीने पदर फाडून बांधलं आणि घरी शिव्या खाल्ल्या. त्या संध्याकाळी कालवणाला फोडणी बसायला उशीर झाला आणि बाबांनी दोनदा विचारलं, काय चाललंय. काही नाही, आई म्हणाली, शलाकाचं आजोळ.

त्यानंतर तिला त्या खेळाची गोडीच लागली. रविवारी मी घरी आले की विचारायची, काय केलं आज शलाकाने? मी तिचे पराक्रम सांगायचे, ती ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, आजोळी गेली होती का? मला काय, मी पुढच्या रविवारी शलाकाला आजोळी न्यायचे. उल्हास वैतागायचा. अजगर वाट बघत बसलाय आणि ही मामाच्या घरी बांगड्याचं तिखलं खातेय. माझा नातू आता मोबाइलवर असंच काहीतरी खेळतो. त्याचे सगळे वीर अनाथ आहेत. मी विचारलं, "तुझ्या माणसाचं आजोळ कुठलं?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला.

आणि एका रविवारी उल्हासची सहनशक्ती संपली. आम्हाला समुद्रातल्या गुहेत जायचं होतं. जिग्नेशने मंतरलेला तराफा करायचं ठरवलं, मी म्हटलं तराफा कशाला, मामाची होडी आहे. उल्हासने पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. मामा होडी घेऊन येतोय. वादळ होतं. टाक फासा."

"वादळ कशाला?"

"मास्टर मी आहे. टाक."

मी वीस तोंडांचा फासा टाकला. एक आला, म्हणजे सगळ्यांत वाईट. उल्हासने मामाची सोंगटी उचलली आणि कॅरमच्या कोपऱ्यातल्या जाळीत टाकली. "बुडाला," तो म्हणाला. जिग्नेश हसला. मीही भांडले, पण खेळातलं भांडण. घरी जाऊन आईला हसत हसतच सांगितलं. उल्ह्याने कंटाळून मामाला बुडवला. वादळ आलं म्हणे.

आई पोळी लाटत होती. लाटणं तसंच ठेवून तिने उठून स्टोव्ह बंद केला. भिंतीला टेकून बसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "वादळ त्याला कोणी सांगितलं?" ती म्हणाली.

"कोणी म्हणजे? त्याने ठरवलं."

"त्याच्या आईने सांगितलं असेल. तिला मी सांगितलंय. सगळ्यांना मीच सांगितलंय." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दर्यावर गेलेल्या माणसाला घरात बसून मेला म्हणायचं नसतं. आमच्यात शिव्या देतानाही कोणी म्हणत नाही. मी इतकी वर्षं म्हणतेय. खरंच झालं असेल तर?"

मी खाली तिच्याजवळ बसले. तेव्हा मला कळलं की माझ्या पानावरचं शलाकाचं आजोळ कुणाचं आहे. मी हळूच विचारलं, म्हणजे मामा आहे? तिला ठाऊक नव्हतं. बाबांशी लग्न करायला ती घरातून निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी दारात सांगितलं होतं, आमचं नाव पुन्हा तोंडाने घ्यायचं नाही. आईने घेतलं नाही. नाव घ्यायचं नाही तर लोकांना काय सांगायचं, म्हणून वादळ सांगितलं. "मेलेले म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही," ती म्हणाली. हेच वाक्य मी उल्हासच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्याच्याशी भांडले होते. आईशी मला भांडता आलं नाही. मी नाव विचारलं, गाव विचारलं. ती मान हलवत राहिली. दिलेला शब्द म्हणजे शब्द. माझा हट्टीपणा कुठून आला ते त्या दिवशी कळलं.

पण मीही तिचीच मुलगी. विजूताईच्या पाठीशी राणेकाका नाही, खरा मामा उभा राहील आणि आईला तो जिवंत दिसेल, हे मी तिथेच पोळपाटाशेजारी बसून ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यातून येताना मी चाळीच्या तोंडाशीच त्यांना गाठलं. ते पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभे राहिले. "माका शपथ घातलेली हा गो तिना. माका काय्येक विचारू नको." मी रस्ता अडवून उभीच. मग त्यांनी आमच्या गॅलरीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "पण घाटकोपरासून अंधेरीक बस जाता, आणि अंधेरीसून वेसाव्याक. ह्या सांगूक काय माका शपथ नाय."

उल्हासला मी सगळं सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ फाशाशी चाळा करत बसला. वादळाचं त्याने खरंच आपल्या आईकडून ऐकलं होतं. "मीच बुडवला ना," तो म्हणाला, "मग मीच येतो शोधायला." पुढच्या रविवारी खेळ रद्द. आम्ही दोघं बसने निघालो. आईने विचारू नये म्हणून मी सांगितलं की गुहा लांब आहे, उशीर होईल. ते अगदीच खोटं नव्हतं.

वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला उतरलो तेव्हा सुकटीच्या वासाने उल्हासचे डोळे भरून आले, पण त्याने नाकाला रुमाल लावला नाही. किनाऱ्यालगत बांबूंच्या रांगा आणि त्यांवर बोंबील, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून टांगलेले. ते बघून माझे पायच जागच्या जागी थांबले. बायका खाली बसून सुका जवळा पाखडत होत्या. मी एका म्हातारीजवळ गेले आणि विचारलं, सुमतीबाईंचं माहेर कुठलं?

"कोन सुमती?" म्हातारी म्हणाली. "आमच्या गावान सुमती कोनी नाय गो." तिने बाकीच्यांना विचारलं. कुणालाच सुमती माहीत नव्हती. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात, नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, हे मी डझनभर लग्नांत पाहिलं होतं. विजूताईचं नवं नावसुद्धा मुलुंडच्या मंडळींनी ठरवून ठेवलं होतं. पण आईही एकदा नवरी होती आणि तिचंही त्याआधी एखादं नाव असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिच्या गावात उभी राहून तिलाच विचारत होते आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. मला रडूच यायला लागलं.

उल्हास पुढे झाला. त्याला शलाकाचं पान पाठ होतं, वैतागत का होईना इतक्या वेळा त्याला ते वाचावं लागलं होतं. मंडळाच्या खोलीत जसा मांडी घालून गोष्ट सांगायचा तसाच तो त्या बायकांसमोर वाळूत बसला आणि सांगायला लागला. "आजी, एक घर आहे. मागे विहीर, विहिरीला लागून उंडीचं झाड. होडीच्या नाळीवर दोन डोळे, पिवळे. घरात एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. एकदा दोर सुटला आणि भावाच्या करंगळीचं टोक गेलं, डाव्या हाताचं. बहिणीने पदर फाडून बांधलं आणि घरी शिव्या खाल्ल्या." पाखडायची सुपं एकेक करून थांबली. म्हातारी उठून उभी राहिली. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला.

"ही हिराची गोष्ट हाय," ती म्हणाली. "तुना कोनी सांगितली रं?"

हिरा. माझ्या आईचं नाव हिरा होतं.

विहीर होती. झाड होतं. ओट्यावर एक माणूस जाळं विणत बसला होता आणि मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, डाव्या हाताकडे पाहिलं. म्हातारीने त्याला सांगितलं, धर्मा, हिराची पोर आयली. तो जाळं बाजूला ठेवून उठला, पुन्हा बसला. मला पाणी आणायला आत ओरडला आणि मग स्वतःच आणायला गेला. त्याचा माझ्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून तो उल्हासशीच बोलत राहिला. आई तेव्हा अंधेरीच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, बाबा तिथल्याच एका कारखान्यात होते, हे मला तिथे कळलं. "बापूस बोललेला, तिचा नाव या घरान घ्यायचा नाय," मामा म्हणाला. "बापूस गेला. तवापासून मी वाट बघतंय. ती का नाय आयली?"

"तुम्ही का नाही आलात?" मी विचारलं. विचारलं ते जरा तिखटच.

"मना कोन सांगल, ती कुठं हाय?" तो म्हणाला. "कुठं ऱ्हाते?"

"घाटकोपरला."

एक बस अंधेरीपर्यंत आणि पुढे एक बस. तो बराच वेळ रस्त्याच्या दिशेने बघत होता. मग मी विजूताईच्या लग्नाचं सांगितलं, तिच्या पाठीशी उभं राहायला चला म्हटलं. त्याने मान खाली घातली. "माझी बहीन बोलावल तर येल मी. तिच्या तोंडानी." निघताना मी ओढून आणलेली होडी पाहिली. डोळे होते. निळे.

आता राहिली आई. तिला सरळ सांगितलं असतं तर ती रागावली असती, की मी तिच्या शब्दाआडून गेले. म्हणून मी मोरीशी, तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "शलाका आजोळी जाऊन आली."

तिने मान वर केली नाही. "मामा तर बुडाला ना?"

"नाही बुडाला. उल्हास चुकला. मामा ओट्यावर जाळं विणत बसलाय. आजोबा गेले, म्हातारे होऊन, घरात, अंथरुणावर. होडी आहे. डोळे दर वर्षी रंगवतो. आता निळे आहेत."

सुरी थांबली. आई माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मासळीचे हात असल्यामुळे तिला ते पुसता येईना. मी माझ्या ओढणीने पुसलं. "पिवळे होते," ती म्हणाली.

"तो म्हणतो, हिराने बोलावलं तर येतो. तिच्या तोंडाने."

आपलं नाव तिने किती वर्षांनी ऐकलं असेल, मला सांगता येणार नाही. तिने उरलेली मासळी साफ केली. मी वाट बघितली, रागवायचीही तयारी ठेवली होती. दोन दिवस ती कामापुरतंच बोलत होती आणि मी मनातल्या मनात नवनवे युक्तिवाद रचत होते. मला ते वापरावे लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तिने कुंकवात घोळलेल्या अक्षता वाटीत घेतल्या. लग्नाची पहिली अक्षत देवाला द्यायची असते, दुसरी माहेरी. देवापुढे अक्षत ठेवून ती बाबांना म्हणाली, "नाव घेऊ नको म्हणाले होते. जाऊ नको असं कोणी म्हणालं नव्हतं." बाबांनी चपला घातल्या. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाली, तू कॉलेजला जा. इतकी खटपट मी केली आणि तो प्रसंग मला पाहायला मिळाला नाही, याचा राग मला पुढे पुष्कळ दिवस होता. ती दोघं परत आली तेव्हा बाबांच्या दोन्ही हातांत सुकटीच्या पिशव्या होत्या आणि आईचा आवाज बसला होता. एवढंच मला माहीत आहे. रविवारी मंडळाच्या खोलीत उल्हासने कॅरमच्या जाळीत हात घातला, ती सोंगटी काढली, शर्टाला पुसली आणि पावडरच्या समुद्रावर ठेवली. जिग्नेश म्हणाला, ये तो चीटिंग है. उल्हास म्हणाला, मास्टर मी आहे.

लग्न घाटकोपरच्याच एका हॉलमध्ये झालं. गुरुजींनी "मुलीचे मामा" म्हणून हाक दिली, तेव्हा राणेकाका सवयीने एक पाऊल पुढे आले. आईने त्यांच्या हातात अंतरपाटाचं एक टोक दिलं, त्यांची नवी टोपी वाया जाऊ दिली नाही. आणि दाराशी कोळ्यांची लाल टोपी, इस्त्रीचा पांढरा सदरा अशा थाटात धर्मामामा विजूताईचा हात धरून उभा होता. टोक नसलेल्या करंगळीच्या हातानेच त्याने तिचा हात धरला होता. हॉलमधली कुजबूज मला ऐकू येत होती. चाळीतल्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. विजूताईच्या सासूबाई सरळ आईजवळ आल्या, त्यांना न विचारता राहवणं शक्यच नव्हतं. आईने इतकी वर्षं सांभाळलेलं वादळ आता सगळ्यांसमोर फुटणार.

"तुम्ही तर म्हणाला होतात," त्या म्हणाल्या, "भाऊ वादळात गेला म्हणून?"

आई भावाकडे बघत होती. तिने मान वळवलीसुद्धा नाही.

"परत आला," ती म्हणाली.